सरकारचं कर्ज आणि आत्याची आरडी

२०२५-२६ सालासाठी केंद्र सरकारने १५.६९ लाख कोटी रुपयांची वित्तीय तूट धरली. कमाई आणि खर्च यांतलं एवढं अंतर कर्ज काढून भरायचं, असा त्याचा अर्थ. त्याच अर्थसंकल्पात जुन्या कर्जावरच्या व्याजासाठी १२.७६ लाख कोटींची तरतूद होती आणि रस्ते, रेल्वे, संरक्षणसामग्री अशा भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटींची. देश नवं काही उभारण्यावर जेवढं घालतो, त्याहून जास्त व्याजात जातं. ही गोष्ट मला बरेच दिवस अस्वस्थ करते आहे.

याच आकड्यांवरून आमच्या घरात दोन तट आहेत. धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात आहे. देयकं तपासायची, तरतूद आहे का बघायची आणि मार्चअखेरीस अनुदान परत जाऊ नये म्हणून धावाधाव करायची, हे त्याचं काम. आत्या विट्याची. तिने उभं आयुष्य पोस्टाची अल्पबचत एजंट म्हणून काढलं. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत ती गल्लोगल्ली फिरून आरडीचे हप्ते गोळा करायची. भाऊ सरकारी पैसा खर्च होताना बघतो, आत्याने तो जमा होताना बघितला. दोघांचंही मला पटतं आणि दोघांशीही माझं भांडण आहे, म्हणून त्यांचं बोलणं इथे मांडते आहे.

भाऊ : शंभर रुपये नवं कर्ज काढायचं आणि एक्क्याऐंशी रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाला द्यायचे, याला कारभार म्हणायचं का, आत्या? पंधरा लाख एकोणसत्तर हजार कोटींतून व्याज वजा कर, हातात उरतात दोन लाख त्र्याण्णव हजार कोटी. ऋण काढून सण चाललाय नुसता.

आत्या : ते व्याज जातं कुठं, हे आधी सांग की मला.

भाऊ : ज्यांनी कर्ज दिलं त्यांना जातं.

आत्या : आणि कर्ज दिलं कुणी? माझ्याकडे आरडी लावणाऱ्या बायकांनी. नवरा सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात कुठंतरी लांब परराज्यात, ही इथं सासू-सासरे आणि पोरं सांभाळत. महिन्याला तिनं माझ्याकडे दिलेले पाचशे रुपये पोस्टात गेले, तिथून सरकारच्या अल्पबचत निधीत गेले, आणि ते सरकारने खर्चाला घेतले. याच अर्थसंकल्पात अल्पबचतीतून तीन लाख त्रेचाळीस हजार कोटींच्या आसपास घ्यायचं धरलंय. बाकीचं बँका, आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी, रिझर्व्ह बँक यांच्याकडून. परदेशाचं देणं म्हणशील, तर केंद्राच्या कर्जात ते शंभराला पाचाच्या आसपास. राहिलेलं सगळं आपण आपल्यालाच देणं लागतो.

भाऊ : ‘आपण आपल्यालाच’ म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. पण व्याज मिळतं ते ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला, आणि ते व्याज द्यायला कर भरतो तो सगळा देश. साबणाच्या वडीवरचा जीएसटी तुझ्या खातेदार बाईनंही भरला आणि जिच्याकडे आरडीला पाचशे रुपये कधी उरलेच नाहीत, त्या मजूर बाईनंही भरला. दुसरीला त्यातून व्याज म्हणून छदाम मिळाला नाही. बँकेत मोठ्या ठेवी असणाऱ्याला मात्र मिळाला. कर्ज जेवढं वाढेल, तेवढा पैसा खालून वर सरकत राहतो.

इथे भावाचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. देशातल्या देशात घेतलेल्या कर्जाने देश बुडत नसेल, पण ते कुणाकडून कुणाकडे पैसा नेतं, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आपल्याकडे तो जुना आहे. १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्च इंग्रजांनी हिंदुस्थानच्याच खात्यावर टाकला, इथलं सरकारी कर्ज एकदम फुगलं आणि ते खड्डे बुजवायला इथलं अर्थखातं सांभाळणाऱ्या जेम्स विल्सनने १८६० मध्ये इथे पहिल्यांदा आयकर आणला. आज २४ जुलै हा आयकर दिन पाळतात, तो त्याच कराची आठवण म्हणून. कर्ज एकाने केलं आणि भरलं दुसऱ्याने, अशी आपल्या आयकराची सुरुवात आहे.

आणि नेमकी उलटी बाजू नामदार गोखल्यांनी दाखवली. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारच्या तुटीवर नव्हे, शिलकीवर हल्ला चढवला. दुष्काळ आणि प्लेगने लोक मरत असताना तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त ओरबाडलं जातं, असं त्यांचं म्हणणं. मिठावरचा कर कमी करा, शिक्षणावर आणि आरोग्यावर खर्च करा, ही त्यांची मागणी. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर उतरला. तिजोरी भरलेली असणं म्हणजे कारभार चांगला, एवढं सोपं हे प्रकरण नाही, हे आपल्याच माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

आत्या : तेच म्हणते मी. कर्ज वाईट नसतं, कशाला काढलं ते बघायचं असतं.

भाऊ : मग कशाला काढतात ते बघ. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट पाच लाख चोवीस हजार कोटींची आहे. म्हणजे काढलेल्या कर्जातला एक तृतीयांश भाग रोजच्या खर्चात जातो. पगार, पेन्शन, सबसिडी, व्याज. त्यातून रस्ता होत नाही की धरण होत नाही.

आत्या : धरणाचं नाव तूच काढलंस. टेंभूचं पाणी आलं तेव्हा तू शाळेत होतास. आमच्या भागाची आधीची अवस्था तू बघितली नाहीस.

टेंभूच्या उपसा सिंचन योजनेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सरकारी कर्जाचं इतकं बोलकं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि ते मे २००० पर्यंत वापरात आणायचं होतं. एवढी धरणं आणि कालवे बांधायला राज्याच्या तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि टेंभूसारख्या योजना त्याच्याकडे गेल्या. महामंडळाने बाजारात रोखे विकले, चढ्या व्याजाने, आणि त्या रोख्यांना हमी राज्य सरकारची. कर्ज महामंडळाचं, पण महामंडळाला स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नाही. मग फेडणार कोण? राज्य सरकारच. अर्थसंकल्पातल्या कर्जाच्या आकड्यात मात्र ते सुरुवातीला दिसत नव्हतं.

भाऊ : आणि काय झालं पुढं? एकाच वेळी ढीगभर कामांचे नारळ फुटले. पैसा सगळीकडे थोडा थोडा वाटला गेला आणि कुठलंच काम वेळेत पुरं झालं नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू. पंप बसले तर वीजबिल कोण भरणार याचा पत्ता नाही. शेवटी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के भार सरकारने उचलला आणि १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवला. भांडवलासाठी कर्ज आणि वर चालवायचा खर्चही सरकारवर. ही योजना हिशेबाच्या वहीत कधीच नफ्यात येणार नाही, आत्या.

आत्या : तुझ्या वहीत नाही येणार. आटपाडीत जाऊन डाळिंबाच्या बागा बघ. पाण्याअभावी गाव सोडून जायची वेळ यायची तिथं. आमच्या तालुक्यातली माणसं गलाईला गेली ती हौसेनं गेली नाहीत, शिवारात काही पिकत नव्हतं म्हणून गेली. आता द्राक्ष आहे, ऊस आहे, डाळिंब आहे. त्यावर व्यापारी जीएसटी भरतो, ट्रॅक्टर खपतो, डिझेल खपतं. त्या कर्जाची फेड वीजबिलाच्या पावतीत शोधू नकोस, शिवारात शोध. कर्ज काढलं नसतं तर मुदत टळून गेली असती आणि आम्ही टँकरमागे पळत बसलो असतो.

भाऊ : पाणी आलं हे मला मान्य आहे. मी चिडतो ते लपवाछपवीवर. हे कर्ज विधानसभेत उघड मांडलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं की पन्नास कामं अर्धवट करण्यापेक्षा दहा पुरी का करत नाही? हमी देणं सोपं असतं, कारण हमी देताना तिजोरीतून रुपया जात नाही. दाभोळच्या वीज प्रकल्पातही तेच झालं. हमी दिली तेव्हा फुकट वाटली, वीज महाग पडायला लागल्यावर कळलं की आपण कशावर सही केली.

भावाचं हे म्हणणं केंद्रालाही लागू होतं. अन्न महामंडळाला धान्याच्या सबसिडीचे पैसे वेळेवर द्यायचे नाहीत, त्याला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावायचं आणि तूट कमी दाखवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे आत्याने गोळा केलेले पैसे दुसऱ्या दाराने सबसिडीत जात होते. २०२१ च्या अर्थसंकल्पात हे कर्ज सरकारने आपल्या हिशेबात घेतलं, तेव्हा तुटीचा आकडा एकदम उंच दिसला. तो आकडा भयंकर होता, पण खरा होता. कर्ज कमी करायची पहिली पायरी मला हीच वाटते: जे आहे ते सगळं एका कागदावर आणणं.

आत्या : बरं, कागदावर आणलं. पुढं फेडायचं कसं?

भाऊ : फेडायचं असं कुणी म्हणत नाही. सरकारचं कर्ज शून्यावर येत नसतं, यायची गरजही नाही. देशाच्या उत्पन्नाशी त्याचं प्रमाण कमी करायचं. केंद्राचं कर्ज २०२४-२५ मध्ये जीडीपीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१८ मध्ये कायदा बदलून आपणच ठरवलं होतं की २०२४-२५ अखेर ते ४० टक्क्यांवर आणायचं. ४० ऐवजी ५७. आता नवीन वायदा आहे, मार्च २०३१ पर्यंत पन्नासाच्या आसपास.

आत्या : मधे करोना होता की रे. त्या साली लोकांना धान्य द्यायचं नव्हतं का?

भाऊ : द्यायचंच होतं. त्या वर्षी तूट ९.२ टक्क्यांवर गेली त्याबद्दल माझी तक्रार नाही. २००८ ला जगात मंदी आली, तेव्हा अडीच टक्क्यांवरची तूट एका वर्षात सहावर गेली, तेही समजू शकतो. अडचणीत कर्ज काढायचं असतं. पण अडचण संपल्यावर खाली यायला आपण दहा-दहा वर्षं लावतो. २००३ चा वित्तीय जबाबदारीचा कायदा आहे आपल्याकडे, पण प्रत्येक सरकारने त्याची मुदत पुढे ढकलली.

आत्या : मग वाढ होऊ दे. उत्पन्न वाढलं की कर्जाचं ओझं आपोआप हलकं होतं.

भाऊ : त्याचं गणित करून दाखवतो. कर्ज ५७.१ टक्के. देशाचं उत्पन्न महागाई धरून दहा टक्क्यांनी वाढलं, तर तेच कर्ज ५१.९ टक्के होतं. त्यात २०२५-२६ ची नवी तूट ४.४ मिळव, झाले ५६.३. म्हणजे पाऊण टक्का उतरलं. आता वाढ दहाऐवजी आठ टक्के धर. ५७.१ चे होतात ५२.९, अधिक ४.४, झाले ५७.३. उतरायचं सोडून चढलं. वाढ दोन टक्क्यांनी कमी पडली की सगळी मेहनत वाया. आणि वाढ सरकारच्या हातात कुठे असते? पाऊस आहे, तेलाचा भाव आहे, अमेरिकेचं आयातशुल्क आहे.

हे गणित कुणीही कागदावर करून बघावं असं आहे. ‘विकासातून कर्ज फिटेल’ हे वाक्य आपण फार सहज ऐकून घेतो. वाढीवर विसंबायचं तर तूटही तीन-साडेतीन टक्क्यांवर आणावी लागते, नाहीतर एका वाईट वर्षात सगळं जागच्या जागी येतं. आणि या गणितात ‘महागाई धरून’ हे जे दोन शब्द आले, तिथे आत्याचा आवाज चढला.

आत्या : म्हणजे भाव वाढले तरी कर्ज हलकं होतं?

भाऊ : होतं. फार जुना मार्ग आहे तो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचं कर्ज त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त होतं. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते पाव हिश्श्याच्या आसपास आलं. थोडं वाढीने, आणि बरंचसं भाव चढू देऊन आणि व्याजदर दाबून ठेवून.

आत्या : मग ते फेडलं कुणी? ज्यांनी रोखे घेतले होते त्यांनीच ना. शंभर रुपये दिले आणि वीस वर्षांनी मिळालेल्या पैशात निम्मीसुद्धा वस्तू येत नाही. आरडीला आज ६.७ टक्के व्याज आहे. महागाई आठावर गेली तर माझ्या बाईनं पाच वर्षं पोटाला चिमटा घेऊन टाकलेले पैसे कमीच झाले म्हणायचे. तिला कुणी सांगितलं नाही की देशाचं कर्ज तुझ्या आरडीतून फिटतंय म्हणून. चौऱ्याहत्तरचं साल आठवतं मला, बहात्तरच्या दुष्काळाच्या मागून आलेली महागाई. भाव एका वर्षात वीस टक्क्यांच्या वर चढले होते. ज्याच्याकडे जमीन होती, सोनं होतं, तो तरला. ज्याच्या वहीत रोकड होती, तो बुडाला.

भाऊ : त्या काळात रिझर्व्ह बँक सरकारला मागेल तेवढा पैसा छापून द्यायची. तात्पुरत्या हुंड्या काढायच्या आणि वर्षानुवर्षं फिरवत राहायच्या. १९९४ ला सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला आणि १९९७ ला ती पद्धत बंद झाली.

आत्या : ती पुन्हा सुरू करायची नाही. माझं एवढंच मागणं धर.

या एका बाबतीत आत्या भावापेक्षा कडक निघाली, आणि मी तिच्या बाजूची आहे. महागाईचा कर कुठल्याही कायदेमंडळात मंजूर होत नाही. त्याचा दर ठरत नाही, त्यावर चर्चा होत नाही, त्याची पावती मिळत नाही. आणि तो नेमका त्यांच्याकडून वसूल होतो, ज्यांच्याकडे पैसा ठेवायला पोस्टाशिवाय दुसरी जागा नसते.

परकीय कर्जाचा प्रश्न दोघांनी लवकर सोडून दिला, कारण त्यात मतभेद नव्हते. श्रीलंकेने २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, महसूल कोसळला, डॉलरमधलं कर्ज होतंच, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी देणी थांबवली. आपण १९९१ मध्ये त्याच कड्यावर होतो. रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी गहाण गेलं, ते त्या वर्षीच्या जुलैत. रुपयात घेतलेल्या कर्जाने अशी वेळ येत नाही. जपानचं कर्ज त्यांच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त असूनही तो देश चालतो, तो बहुतांशी आपल्याच लोकांचं देणं लागतो म्हणून. पण चालतो म्हणजे त्याला किंमत पडत नाही, असं नव्हे.

आत्या : सरकारी कंपन्या विकून फेडता येत नाही का? लोक सारखं म्हणतात.

भाऊ : विकून विकून किती विकणार? २०२१-२२ मध्ये पावणेदोन लाख कोटींचं उद्दिष्ट होतं, हातात पंधरा हजार कोटीही आले नाहीत. एअर इंडिया टाटांना गेली ती अठरा हजार कोटींना, त्यातले पंधरा हजार तीनशे कोटी तिच्या कर्जापोटी, रोख सत्तावीसशे कोटी. रोजचा तोटा थांबला हा फायदा खरा. पण वर्षाचं व्याज पावणेतेरा लाख कोटी असताना असल्या विक्रीने मुद्दल कुठं हलतं? खर्चाला कात्री लावल्याशिवाय गत्यंतर नाही, आत्या.

आत्या : लाव की. पण कात्री कुणाला लागते तेही तूच सांग. व्याजाला लागत नाही, कारण ते द्यावंच लागतं. पेन्शनीला नाही, चालू पगाराला नाही. मग?

भाऊ : भरती थांबते. नवीन कामं थांबतात.

आत्या : उपकेंद्रात नर्स नसते. शाळेत एक मास्तर चार वर्ग सांभाळतो. तुझ्याच विभागात किती खुर्च्या रिकाम्या आहेत?

भाऊ : बऱ्याच आहेत. आणि केलेल्या कामांचे पैसेही थकतात. राज्यात २०२५ मध्ये ठेकेदार रस्त्यावर उतरले ते त्यासाठीच. काम पुरं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, देयक मंजूर, आणि तरतूद नाही. ठेकेदाराने सावकाराकडून किंवा बँकेतून पैसे उचललेले असतात, त्याचं व्याज तो स्वतः भरतो. तेही सरकारचंच कर्ज आहे, आत्या. फक्त ते सरकारच्या वहीत नाही, त्याच्या वहीत आहे.

हे भाऊ हळू आवाजात बोलला. देयकं त्याच्याच टेबलावरून जातात आणि माणसं त्याच्यासमोर येऊन उभी राहतात. महाराष्ट्राचं कर्ज २०२५-२६ मध्ये ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात होता. राज्याच्या उत्पन्नाशी ते प्रमाण १९ टक्क्यांच्या आत, म्हणजे इतर कित्येक राज्यांपेक्षा बरं. या प्रमाणाचा दाखला प्रत्येक सरकार देतं. पण ज्या राज्याची देयकं थकतात, त्याचं प्रमाण कागदावर कितीही चांगलं असलं तरी मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो, आणि उरलेल्यात सगळी भांडणं असतात.

भाऊ : आणि त्यात लाडकी बहीण योजना. २०२५-२६ या एका वर्षाला छत्तीस हजार कोटींची तरतूद. राज्याची त्या वर्षीची महसुली तूटच पंचेचाळीस हजार आठशे कोटींच्या घरात.

आत्या : माझ्या गल्लीतल्या बायकांना ते पंधराशे मिळतात. त्यातून औषधं येतात, पोरीच्या क्लासची फी जाते. काहींनी आरडी सुरू केली पुन्हा. ती योजना बंद करा म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. मोठ्या कंपन्यांचा कर २०१९ मध्ये तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला. एका वर्षाचा एक लाख पंचेचाळीस हजार कोटींचा महसूल सोडला, असा अंदाज सरकारनेच दिला होता. तेव्हा कुणी सण म्हणालं नाही.

भाऊ : मी म्हणालो असतो. मला दोन्ही नको आहे. खर्च करायचा असेल तर त्याचा कर लावा, कर सोडायचा असेल तर तेवढा खर्च कमी करा. दोन्ही गोड गोष्टी एकदम करून बाकी पुढच्या पिढीच्या नावावर टाकायची, हे नको.

आत्या : मग आपल्याच राज्यात हे झालंय की. रोजगार हमी विसरलास?

आत्याने ही आठवण काढली तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण कर्जाच्या चर्चेत ती कुणी काढत नाही. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडायची कामं निघाली आणि त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा? राज्याने कर्ज काढलं नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने दरमहा थोडे पैसे द्यायचे, जेवढे जमतील तेवढीच भर सरकारने घालायची, आणि त्यातून दुष्काळी गावातल्या मजुराला काम द्यायचं. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात आजही ‘पीटी’ म्हणून दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, ते याच करापोटी. मुंबईतल्या कारकुनाला सांगितलं होतं की तुझ्याकडून घेतो आणि माण-खटावच्या मजुराला देतो. भरणारा कोण आणि कशासाठी, हे कायद्यात लिहिलेलं होतं.

भाऊ : पुढचंही सांग मग. नंतर त्या कराचा पैसा रोजगार हमीवर पुरता खर्चही होईना. शिल्लक साचत गेली, तिजोरी ती दुसरीकडे वापरत राहिली, आणि कर चालूच राहिला. आज पगारातून पीटी जाणाऱ्या कितीजणांना माहीत आहे की ती कशासाठी जाते?

आत्या : म्हणून योजना चुकली असं होत नाही. वर्षाला हिशेब मागणारं कुणी राहिलं नाही, ते चुकलं.

भाऊ : आणि वाढवायचा म्हटलं तरी राज्याच्या हातात नाही. घटनेच्या २७६ व्या कलमात वर्षाला अडीच हजारांची मर्यादा आहे, १९८८ पासून तीच. तेव्हाचे अडीच हजार आणि आताचे अडीच हजार! एवढी एक मर्यादा संसदेने वाढवली तरी राज्यांना कर्जाशिवाय दुसरा रस्ता मिळेल.

आत्या : ती वाढवा, पण चढत्या पगाराला चढता दर लावा. पंचवीस हजारवाल्याकडून घेता तेवढंच पंचवीस लाखवाल्याकडून घेऊ नका. आणि मोठ्या इस्टेटीवर वारसा कर आणा परत. होता की आपल्याकडे, १९८५ पर्यंत.

भाऊ : तो काढला कारण गोळा करायला लागायचा खर्च आणि कोर्टकज्जे यांच्या मानाने हातात काही येत नव्हतं. संपत्ती करही २०१५ ला गेला, वर्षाला हजारएक कोटी यायचे म्हणून.

आत्या : पंचाऐंशी साली जमिनीच्या नोंदी वहीत होत्या. आज पॅन आहे, डिमॅट आहे, सातबारा ऑनलाइन आहे. माझ्या खातेदार बाईच्या पाच हजारांच्या मुदत ठेवीला आधार जोडून मागता, मग शंभर कोटींच्या इस्टेटीची मोजदाद का होत नाही?

भाऊ : होऊ शकेल. पण एका अटीवर. तो पैसा नुसता एकत्रित निधीत टाकायचा नाही. त्यातून मुद्दल किती फिटलं ते दर मार्चला विधिमंडळापुढे ठेवायचं. सोबत महामंडळांना दिलेल्या हम्या आणि थकलेली देयकं, तीही. घटनेच्या २९२ व्या कलमाने केंद्राच्या कर्जाला कायद्याने मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिला, तो संसदेने वापरावा अशी अपेक्षा डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत बोलून दाखवली होती. राज्यांसाठी २९३ वं कलम आहे. कलमं आहेत, आत्या. मर्यादा घालताना त्या मर्यादेत कोणतं कर्ज मोजायचं, एवढं जरी कायद्यात नीट लिहिलं तरी निम्मं काम होईल.

आत्या : आणि लाडकी बहीण?

भाऊ : तिच्यासाठी वेगळा कर लावा, मग मी गप्प बसतो.

आत्या : लावा. पण कर बसेपर्यंत तिचे पंधराशे थांबवायचे नाहीत.

भाऊ : इथं आपलं जमणार नाही. कर आधी, वाटप नंतर.

आत्या : वाटप चालू असताना कर लावा. बायकांच्या औषधाचा महिना अर्थसंकल्पाची वाट बघत नाही.